विद्यार्थ्याच्या खांद्यावरचा ठेका

विद्यार्थ्यांकडून चालवल्या जाणाऱ्या रंगकाम व्यवसायात तीन पक्ष असतात: वर बसलेली कंपनी, तिच्या नावावर शहरात कामे धरणारा विद्यार्थी आणि पैसे मोजणारा घरमालक. भिंतीला प्रत्यक्ष हात लावणारा रंगारी चौथा, पण करारात त्याचे नाव कुठेच नसते. ही पद्धत उत्तर अमेरिकेत रुजली. कॅनडात 1971 मध्ये ग्रेग क्लार्क या विद्यार्थ्याने ‘कॉलेज प्रो’ सुरू केली आणि पुढे तिथे व अमेरिकेत तशा अनेक कंपन्या निघाल्या. सुट्टीच्या आधी महाविद्यालयांतून मुले निवडायची, त्यांना मॅनेजर म्हणायचे, घरोघर फिरून कामे आणायला लावायची, रंगारी त्यांनीच शोधायचे आणि झालेल्या बिलातून कंपनीने आपला हिस्सा घ्यायचा, असा तो साचा. साचा मुळात बेकायदा नाही. कंपनी खरोखर शिकवत असेल, विमा उतरवत असेल आणि तक्रारीच्या वेळी स्वतः उभी राहत असेल, तर एखादे पोर त्यातून धंदा शिकून बाहेर पडते. मात्र नियत वाईट असेल तर याच साच्यातून घरमालक आणि विद्यार्थी दोघांनाही एका वेळी लुबाडता येते.

कोल्हापुरात अशा धंद्याला लागणारी जमीन तयार आहे. शिवाजी विद्यापीठ आणि आसपासच्या महाविद्यालयांमुळे राधानगरी, चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याकडची हजारो मुले शहरात खोली करून किंवा वसतिगृहात राहतात. घरून येणारे पैसे मोजके असतात आणि चार पैसे मिळवण्याची इच्छा खरी असते. दुसऱ्या बाजूला पाऊस ओसरला की दसरा-दिवाळीच्या आत सगळ्या गावाला एकदम रंगारी हवा असतो. चांगला कारागीर त्या दिवसांत हाती लागत नाही. त्यात 2019 आणि 2021 च्या महापुरांत शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, सुतारवाड्यातल्या कितीतरी घरांच्या भिंती पाणी प्यायल्या. तिथे लोणा पुन्हा पुन्हा फुटतो आणि घरमालक दर दोन-तीन वर्षांनी नवा माणूस शोधतो. गरजू विद्यार्थी आणि घाईतला घरमालक एकमेकांसमोर आले की मधल्या माणसाला फारसे काही करावे लागत नाही.

फसवणूक कुठे होते हे हिशोबातून दिसते. समजा, फुलेवाडीतला 600 चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट आहे. भिंती आणि छत मिळून साधारण 2000 चौरस फूट रंगकाम निघते. मटेरियलसह फुटाला 20 रुपये धरले तर बिल 40,000 रुपयांचे होते. कंपनीने वरच्या वर 25 टक्के, म्हणजे 10,000 उचलले. पुट्टी, प्रायमर, इमल्शन, पॉलिश पेपर, मास्किंग टेप यांत 13,000 गेले आणि दोन रंगाऱ्यांच्या आठवडाभराच्या मजुरीत 14,000. विद्यार्थ्याच्या हातात 3,000 उरले. पेट्रोल, फोन, छापील पत्रके आणि पुन्हा पुन्हा मारलेले हेलपाटे त्यातूनच भागवायचे. एका खोलीत डाग उठला आणि ती परत रंगवावी लागली, की तेही संपले.

हाच हिशोब घरमालकाच्या बाजूनेही लागतो. वरचे 10,000 ठरलेले असतील आणि काम मिळवण्यासाठी दर मात्र गावातल्या ठेकेदारापेक्षा कमी सांगितला असेल, तर तूट कुठून तरी भरून काढावी लागतेच. ती मजुरीतून निघते किंवा भिंतीतून. मजुरी थकली की रंगारी अर्धे काम टाकून जातो. भिंतीतून काढायची तर दोन हात पुट्टीऐवजी एकच हात ओढला जातो, प्रायमरच्या जागी व्हाइट सिमेंटचे पाणी फिरते आणि रंग पातळ होतो. बहुतेक इमल्शनमध्ये लिटरमागे 400 ते 500 मिलिलिटर पाणी घालावे, असे उत्पादक सांगतात. वरील फ्लॅटला दोन हातांसाठी जवळपास एक 20 लिटरची बादली लागते. पाणी दुप्पट केले तर पंधरा-सोळा लिटरमध्येही सगळ्या भिंती ओल्या करता येतात.

अशी भिंत पहिल्या दिवशी छान दिसते, आणि खरी अडचण तिथेच आहे. काम संपते, उरलेले पैसे दिले जातात, पोरे जातात. मग संध्याकाळी ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पडला की रोलरचे पट्टे आणि ढग दिसू लागतात. काळे सुती फडके हलकेच फिरवले तर त्याला पांढरी भुकटी लागते. जिथे पुट्टी नीट घासली नाही तिथे हाताला खरखर लागते, आणि जिथे जुना चुना खरडलाच नाही तिथे पहिल्या पावसाळ्यानंतर रंग पापुद्र्याने सुटतो. लोणा लागलेल्या भिंतीवर ओल न काढता पुट्टी ओढली असेल तर महिन्या-दोन महिन्यांतच ती फुगते. तोवर विद्यार्थी परीक्षेला बसलेला असतो आणि कंपनीच्या फोनवर त्याचाच नंबर दिला जातो.

विद्यार्थ्याच्या बाजूने तपासायची पहिली गोष्ट एकच: काम देणारा पैसे देतो की मागतो. नोंदणी फी, प्रशिक्षण शुल्क, किटची किंमत, परत मिळणारी अनामत, नाव काहीही असो, कामाला लागण्याआधी पोराच्या खिशातून पैसे निघत असतील तर कंपनीची कमाई रंगकामाच्या आधी भरतीतूनच सुरू झालेली असते. त्यापुढे आणखी मुले आणली तर बक्षीस, असे सांगितले जात असेल तर प्रकरण वेगळ्याच वळणाला लागते. माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या योजनांना 1978 चा प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायदा लागू पडतो आणि 2021 च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. क्यूनेट या साखळी पद्धतीने विक्री करणाऱ्या कंपनीविरुद्ध मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने 2013 मध्ये गुन्हा नोंदवला, तेव्हा अशा साखळ्यांत शिकती मुले किती ओढली जातात याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. तिथे वस्तू विकली जात होती. रंगकामात सेवा विकली जाते, पण मुलाला सांगितले जाणारे स्वप्न तेच असते: नोकरी करू नकोस, मालक हो.

‘मालक’ या पदाची किंमत करारात असते. विद्यार्थ्याला कर्मचारी न म्हणता स्वतंत्र ठेकेदार म्हटले, की मजुरी, अपघात, नुकसान आणि ग्राहकाची तक्रार सगळे त्याच्या अंगावर येते. परांचीवरून रंगारी पडला तर भरपाईचा प्रश्न वीस वर्षांच्या मुलापुढे उभा राहतो, त्याच्याकडे विमा नसतो आणि कागदावर मालक तोच असतो. अकरावी-बारावीतल्या मुलांची सही तर घ्यायलाच नको. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञानाला करार करता येत नाही, आणि तसा करार मुळातच निरर्थक असतो हे मोहरीबीबी खटल्यात 1903 मध्येच ठरले आहे. तरीही अशा कागदाची भीती घालून मुलांना गप्प बसवले जाते. सुरक्षा म्हणून कोऱ्या चेकवर सही मागितली जात असेल तर पालकांनी तिथेच व्यवहार थांबवावा.

या सगळ्यात गावातल्या प्रामाणिक ठेकेदाराचाही एक वाटा आहे आणि तो मान्य करायला हवा. कोल्हापुरात आजही बरेचसे रंगकाम शब्दावर चालते. मिस्त्री येतो, खोल्या नजरेने मोजतो, “करून टाकू साहेब, दिवाळीच्या आत” म्हणतो आणि उचल घेऊन जातो. कोणत्या कंपनीचा कोणता रंग, किती हात, दारे-खिडक्या मापात धरल्या की वजा केल्या, यातले काहीच कागदावर येत नाही. त्याचे काम उत्तम असते, पण घरमालकाला चांगले आणि वाईट कोटेशन ओळखायची सवय कधी लागतच नाही. मग छापील पॅड, टी-शर्ट आणि लॅपटॉप घेऊन आलेला मुलगा जास्त भरवशाचा वाटतो. फसवणाऱ्याचा कागद प्रामाणिक माणसाच्या कागदापेक्षा चांगला असेल तर ग्राहकाला दोष देता येत नाही.

कागद चांगला करायला फार काही लागत नाही. मोजमापासाठी आयएस 1200 चा तेरावा भाग आहे, आणि त्यात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट धरत नाहीत. मोठ्या दारा-खिडक्यांची वजावट कशी करायची हेही तिथे ठरवून दिले आहे. खोलीनिहाय माप, पुट्टीचे आणि रंगाचे हात, रंगाचे नाव, शेड क्रमांक, पाण्याचे प्रमाण आणि कामाची मुदत एवढे एका पानावर मावते. मटेरियलचे बिल दुकानातून घरमालकाच्या नावावर थेट निघावे आणि सीलबंद बादली त्याच्यासमोर उघडावी. बादलीतल्या टोकनवर रंगाऱ्याला मिळणारा लाभ लपवण्याचे कारण नाही, तो सांगितला की संशय राहत नाही. पैसे कामाच्या टप्प्याने घ्यावेत: मटेरियल जागेवर आल्यावर एक भाग, पुट्टी-प्रायमर पाहून दुसरा, पहिला हात झाल्यावर तिसरा, आणि शेवटचा दहावा हिस्सा काही दिवसांनी, संध्याकाळच्या उजेडात भिंती पाहून झाल्यावर. अर्ध्याहून जास्त रक्कम आधीच मागणाऱ्याला नकार देण्याची सवय ग्राहकांना ठेकेदारांनीच लावली, तर लबाड कंपनीचे भांडवलच आटते.

शिकत शिकत कमावण्याला या भागात मोठी परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि ‘कमवा व शिका’ हे तिचे सूत्र झाले. भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते. शिवाजी विद्यापीठातही ‘कमवा व शिका’ योजना चालते. त्या परंपरेत मुलगा श्रम देतो आणि शिक्षण मिळवतो, भांडवल आणि जोखीम संस्थेची असते. रंगकामात तीच व्यवस्था सहज करता येते. सुट्टीत येणाऱ्या मुलाला ठेकेदाराने रोजावर घ्यावे, पहिले काही दिवस फक्त घासकाम आणि मास्किंग द्यावे, उंचीवर चढवू नये आणि रोज रोखीने किंवा खात्यावर चुकता करावा. पुढे धंद्यातच यायचे असेल त्याच्यासाठी आयटीआयमध्ये पेंटर जनरल हा अभ्यासक्रम आहे. मागील 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामाचे काम केलेला, 18 ते 60 वर्षे वयाचा कामगार बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला पात्र ठरतो, आणि दुरुस्ती-देखभालीचे कामही त्यात येते. हे आपल्या रंगाऱ्यांना सांगण्याचे काम ठेकेदाराचे आहे.

फसवणूक होऊन गेली असेल तर घरमालकाने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. 50 लाखांपर्यंतच्या मोबदल्याची तक्रार जिल्हा आयोग घेतो, 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि वकील नेमलाच पाहिजे असे नाही. तक्रारीत केवळ विद्यार्थ्याचे नाव घालू नये. कंपनीलाही पक्षकार करावे, कारण पैसे तिच्याकडे गेलेले असतात. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. पोलिसांकडे जाताना एक फरक ध्यानात ठेवावा: खराब काम ही सेवेतली त्रुटी असते, तर सुरुवातीपासून काम करायचेच नव्हते आणि तरी पैसे घेतले, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालचा फसवणुकीचा गुन्हा ठरतो. एकाच कंपनीने पाच-सहा घरांत उचल घेऊन काम टाकले असेल तर तक्रारदारांनी एकत्र जावे, कारण एकट्याची तक्रार दिवाणी वाद म्हणून परत पाठवली जाते. फसलेल्या विद्यार्थ्यांनीही अनामतीच्या पावत्या, मोबाइलवरचे संदेश आणि कराराची प्रत घेऊन त्याच वेळी जबाब द्यावा. बहुतेक वेळा घरमालकाकडे फक्त मुलाचा नंबर असतो, आणि कंपनीचा पत्ता, बँक खाते व चालकांची नावे त्या मुलालाच ठाऊक असतात.