नफा थोरांचा, तोटा रयतेचा!

पैसा एका देशांतून दुसऱ्या देशांत बिनअटकाव जाऊं लागला म्हणजे सर्वांचेंच कल्याण होतें, असा डांगोरा पंडित लोक पिटीत असतात. तो कितपत खरा, हें पाहण्यास आइसलंडचा दाखला पुरे आहे.

हा त्या काळीं सुमारे तीन लाख वस्तीचा, मासेमारीवर वाढलेला देश. १९९४ त तो युरोपच्या सामाईक बाजारांत शिरला. २००३ पर्यंत तेथील सरकारी बँका खाजगी धनिकांच्या हातीं गेल्या. पुढें पांच वर्षांत तीन मोठ्या बँकांचा पसारा, परदेशांत उसनवारी करून, देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दहापटीच्या घरांत गेला. त्यांतील एकीनें तर ब्रिटन व हॉलंडांतील तीन लाखांहून अधिक लोकांच्या ठेवी गोळा केल्या.

घरच्या लोकांसही सांगण्यांत आलें, कीं आपल्या क्रोना नाण्यांत व्याज भारी. येन किंवा स्विस फ्रँकच्या भावाशीं बांधलेलें कर्ज घ्या, हलकें पडेल. लोकांनीं सह्या केल्या. मिळकत क्रोनाची आणि देणें येनाच्या भावानें! ही मेख आमच्या शेतकरी वाचकांस समजावून सांगावयास नको. सावकाराचें हलकें व्याज शेवटीं किती जड होतें, हें ते पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

१५ सप्टेंबर २००८ रोजीं अमेरिकेंत लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. बँक बँकेस उसनें देईना. ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यांत आइसलंडच्या तिन्ही बँका बसल्या. क्रोनाची किंमत निम्म्यावर आली व येनाशीं बांधलेलें देणें दुपटीवर गेलें. त्या कर्जदारानें कोणता गुन्हा केला होता?

ठेवीदारांस ब्रिटन व हॉलंडच्या सरकारांनीं पैसे दिले व ते आइसलंडच्या रयतेकडे मागितले. नफा वांटतांना रयत कोणास आठवली नाहीं. तोटा भरतांना मात्र आठवली! २०१० व २०११ त लोकांनीं मतदान करून ही मागणी धुडकाविली. २०१३ त युरोपांतील न्यायालयानेंही त्यांचीच बाजू उचलली. ठेवीदारही गरीबच होते, असें कोणी म्हणेल. खरें, पण त्यांचें देणें अखेर बुडालेल्या बँकेच्याच मालमत्तेंतून २०१६ पर्यंत फिटलें. परक्या नाण्याच्या भावाशीं बांधलेलीं तीं कर्जें बेकायदा, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१० त दिला. कांहीं बँकवाले तुरुंगांतही गेले.

व्यापाराचें दार लावून घ्या, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याच्या पदरांत नफा, त्याच्याच माथीं तोटा. आणि ज्या नाण्यांत मजुरी, त्याच नाण्यांत कर्ज, एवढेंच आमचें मागणें आहे. बंधूंनो, कोणताही कागद पुढें आला तर आधीं तो वाचून घ्या, मग सही करा.