लाज रबराची, भार बाईचा

बुलढाणा जिल्ह्यातील आशा कार्यकर्तींना कुटुंब नियोजनाच्या समुपदेशनासाठी दिलेल्या संचात पुरुषाच्या लिंगाची रबरी प्रतिकृती निघाली, खामगावचे आमदार आकाश फुंडकर व भाजप नेत्या चित्रा वाघ यांनी सरकारला धारेवर धरले, आणि मार्च 2022 मध्ये मेहकरपासून मुंबईपर्यंत साऱ्यांना अचानक संस्कृतीची आठवण झाली. निरोध कसा वापरावा हे दाखविण्यासाठी दिलेल्या या वस्तूने ज्यांची मान खाली गेली, त्यांची मान याच जिल्ह्यातील बायकांच्या पोटावरील टाके पाहून कधी खाली गेल्याचे दिसले नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी 49.1 टक्के स्त्रियांची कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे, तर पतीने नसबंदी करून घेतल्याचे प्रमाण अवघे 0.4 टक्के आहे. वास्तविक स्त्रीच्या शस्त्रक्रियेत बीजवाहिन्या बंद करण्यासाठी पोटाच्या आत शिरावे लागते. पुरुषाच्या बिनटाक्याच्या नसबंदीत मात्र वीर्यवाहिन्या वृषणकोषाच्या त्वचेतील एका बारीक छिद्रातून बाहेर घेऊन बंद केल्या जातात, काही मिनिटांत काम उरकते व पुरुष त्याच दिवशी घरी जातो. त्यानंतर सुमारे तीन महिने, वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते, एवढेच पथ्य. शासन यासाठी पुरुषाला स्त्रीपेक्षा अधिक रक्कम देते. तरीही बाळंतपण तिचे, तांबी तिची, गोळ्या तिच्या आणि शेवटी ऑपरेशनही तिचेच, कारण नसबंदीने ताकद जाते, शेतीचे काम होत नाही, असे घरातील पुरुषाने ठरवून टाकलेले असते. जणू सोयाबीन सोंगायला बाई जातच नाही!

या भीतीला इतिहास आहे, हे मान्य. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशभरात सुमारे 62 लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यांतील अनेक बळजबरीने. त्या अत्याचाराचा धसका घेऊन सरकारांनी पुरुषाला जे मोकळे सोडले ते कायमचेच, आणि उद्दिष्टपूर्तीचा सारा वरवंटा स्त्रीच्या पोटावरून फिरवला. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात नोव्हेंबर 2014 मध्ये काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या व त्यानंतर तेरा जणींचा मृत्यू झाला, तेव्हा ही व्यवस्था किती निर्ढावली आहे हे दिसले. पण त्या मृत्यूंनंतरही पुरुषांच्या नसबंदीकडे कोणाचे लक्ष वळले नाही.

ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि स्वतःचीही नसबंदी करून घेतली, त्याच महाराष्ट्रात शतकानंतर एका रबरी वस्तूवरून गदारोळ व्हावा, हा निव्वळ दांभिकपणा आहे. 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला संततिनियमनाचा ठराव फेटाळणाऱ्यांची वंशावळ अजून खंडित झालेली नाही, असेच म्हणावे लागेल.

आरोग्य खात्याचा दोष आहे, पण तो टीकाकार सांगतात तो नव्हे. निरोध वापरायचा पुरुषाने आणि तो कसा वापरावा हे सांगण्याची जबाबदारी मात्र तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशाताईवर, तीही बहुतेक वेळा दुसऱ्या बाईलाच सांगणार, मग त्या बाईने रात्री नवऱ्याला समजवावे: या साखळीत पुरुष सर्वांत शेवटी येतो, आणि बहुधा येतच नाही. आशाताईंना वाटणारा संकोच खरा आहे व तो त्यांचा दोष नाही. गावोगाव फिरणारे पुरुष आरोग्य सेवक खात्याकडे आहेत. हा संच त्यांच्या हाती द्यावा, त्यांनी मेहकरच्या बाजारात, पारावर, सोसायटीच्या ओट्यावर पुरुषांना गाठावे, आणि ज्या लोकप्रतिनिधींना या विषयाची इतकी काळजी आहे त्यांनी पुढच्या नसबंदी शिबिराला स्वतः हजर राहून आपल्या कार्यकर्त्यांची नावे नोंदवावीत.