नामावलीचे निवेदन

चित्रपटाच्या श्रेयनामावलीविषयी बोलण्याची वेळ आली की मराठी समीक्षा बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ हा एकच शब्द उच्चारते आणि पुढे सरकते. हा शब्द वर्णनासारखा भासतो. वस्तुतः ती विश्लेषण टाळण्याची सोय आहे. खरे निवेदन नामावली संपल्यावर सुरू होते, हे त्यात गृहीत धरलेले असते. संहितेच्या परिघावरील घटकांना झेरार झनेत यांनी १९८७ मध्ये ‘उंबरठे’ म्हटले, त्याचा आधारही येथे घेतला जातो. खुद्द झनेत उंबरठ्याकडे देवघेवीचा प्रदेश म्हणून पाहतात. उसनवारीत नेमके तेवढेच गळून पडते.

साहित्यकृतीवरील चित्रपटांच्या चर्चेत हे गृहीतक सरळ चुकीच्या निष्कर्षाकडे नेते. रवींद्रनाथांची ‘नष्टनीड’ (१९०१) भूपतीपासून सुरू होते: पैशाची ददात नसलेला, इंग्रजी वृत्तपत्रात रमलेला गृहस्थ. चारुलता निवेदनाच्या ओघात मागाहून येते. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ने (१९६४) हा क्रम उलटला, आणि तो नामावलीतच उलटला. पडद्यावर एका स्त्रीचे हात रुमालावर ‘बी’ हे अक्षर भरत आहेत. त्यावर नावे उमटत जातात. अक्षर भूपतीचे, लिपी रोमन, म्हणजे त्याच्या वृत्तपत्राची. बंकिमचंद्रांत रमणारी ही स्त्री चित्रपटात पहिले अक्षर काढते ते नवऱ्याच्या सार्वजनिक भाषेतले. पुढे तिचे बंगाली लेखन छापून येते, त्या घटनेचे मोल या टाक्यांवाचून कसे करणार?

रुमाल हाती आल्यावर, यासाठी तुला वेळ केव्हा मिळतो, अशा अर्थाचा प्रश्न भूपती करतो. त्यातील उपरोध त्याला उमगत नाही. प्रेक्षकाला उमगतो, कारण तो रिकामा वेळ त्याने नामावलीत प्रत्यक्ष पाहिलेला असतो.

प्रेक्षक नावे वाचतो, चित्र पाहत नाही, हा आक्षेप पुष्कळ चित्रपटांबाबत खराच आहे. तेथे नामावली ही निव्वळ यादी असते. परंतु सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे घडविलेल्या दिग्दर्शकाला अक्षर हीच प्रतिमा असते. येथे वाचणे आणि पाहणे वेगळे काढता येत नाही.

‘नष्टनीड’ आणि ‘चारुलता’ यांची तुलना चारूच्या हातातील छोट्या दुर्बिणीपासून आरंभण्याची प्रथा आहे. दृष्टिकोण तेथे चारूकडे आला, असे सांगितले जाते. ती दुर्बीण डोळ्यांशी नेते, तोवर तो तिच्याकडे येऊन चुकलेला असतो.