बशरीचा बर्फ कुणाचा?

वि. स. खांडेकरांच्या अनुवादांमुळे खलील जिब्रान मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. त्याचे जन्मगाव बशरी उत्तर लेबनॉनच्या डोंगरात सुमारे १,४५० मीटर उंचीवर वसले आहे. वस्ती प्रामुख्याने मॅरोनाइट ख्रिश्चनांची. गावाखाली कादिशाची खोल दरी आणि वरच्या बाजूस हिमालयातील देवदाराचे भाईबंद असलेल्या वृक्षांचे प्राचीन वन. युनेस्कोने १९९८ मध्ये या दोहोंचा जागतिक वारशात समावेश केला. हिवाळ्यात येथील उतारांवर स्कीइंगसाठीही गर्दी होते.

मात्र याच बर्फाच्या पाण्यावरून येथे रक्त सांडले आहे. ३,०८८ मीटर उंचीच्या कुर्नत अस-सौदा या देशातील सर्वोच्च शिखराच्या परिसरात १ जुलै २०२३ रोजी बशरीचे दोघे रहिवासी मृत्युमुखी पडले. पलीकडच्या दिन्निया भागातील सुन्नी गावाशी बशरीचा या माथ्यावरील जमीन आणि पाण्याबाबत जुना वाद आहे. उन्हाळ्यात वितळणारे पाणी शेतीकडे वळवायचे की डोंगरात मुरू द्यायचे, हा त्यातील कळीचा मुद्दा. बशरीच्या सफरचंदाच्या बागांनाही पाणी लागतेच.

या वादाला धार्मिक रंग चढण्यास वेळ लागत नाही. लेबनीज फोर्सेस या ख्रिश्चन पक्षाचे नेते समीर जाजा बशरीचेच. त्यामुळे डोंगरावर झाडलेल्या गोळीचा अर्थ बैरुतमध्ये पंथांच्या गणितात लावला जातो. वास्तविक दोष सरकारी दप्तराचा आहे. दोन गावांमधील हद्द निर्विवादपणे आखण्याचे साधे महसुली काम शासनाने वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले. २०२३ च्या घटनेच्या वेळी तर देशाला राष्ट्राध्यक्षच नव्हता आणि नजीब मिकाती यांचे काळजीवाहू सरकार कसेबसे कारभार हाकत होते. अखेर लष्कर पाठवावे लागले, दोन्ही बाजूंची धरपकड झाली. पण सैनिक गस्त घालू शकतात, सातबारा लिहू शकत नाहीत!

त्या वेळचे लष्करप्रमुख जोसेफ औन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. हा डोंगर त्यांना नवा नाही. तापमानवाढीमुळे बर्फ कमी होत असताना हद्द आखणे जितके लांबेल, तितके ते अवघड होत जाईल. थंडीवर जगणाऱ्या देवदारांनाही त्याच बर्फाची गरज आहे. त्यांना वाद घालता येत नाही, इतकेच.