नव्या पिस्तुलात अडकलेले काडतूस

पांढुर्णा भागातील तिगावच्या एका संत्रा-बागाईतदार स्नेह्यांचे पत्र नुकतेच आमच्या हाती आले. बागेचा पैसा घेऊन रात्री-अपरात्री एकट्याने परतावे लागते, म्हणून त्यांनी शस्त्रपरवाना मागितला. दोन वर्षे हेलपाटे घातल्यावर तो मिळाला आणि लाखावर रुपये मोजून त्यांनी एक आखूड पिस्तूल घेतले. सरावाच्या पहिल्याच दिवशी, तिसऱ्या बाराला, रिकामे टरफल बाहेर न पडता मध्येच अडकले. ते काढले तर पुढचे काडतूस नळीच्या तोंडाशी तिरपे झाले. विक्रेता म्हणतो, काडतुसे वाईट. काडतुसे विकणारा म्हणतो, तुमची पकड सैल. दोष कोणाचा हे ठरवायचे कोणी, एवढेच स्नेह्यांना विचारायचे आहे.

वस्तुतः तिघांचेही म्हणणे खरे असू शकते. आखूड पिस्तुलाचा वरचा सरकता भाग वजनाने हलका आणि त्याची धाव थोडी. त्यामुळे त्याची स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. तो मागे जाऊन पुढे येईतो क्षणार्धात टरफल फेकले गेले पाहिजे आणि खालचे काडतूस वर उचलले गेले पाहिजे. दारू किंचित कमजोर असली, मनगट ढिले राहिले, मॅगझिनच्या वरच्या कडा जराशा वाकल्या किंवा कारखान्यातून आलेले ग्रीस पुसायचे राहिले, तरी हा क्रम मोडतो. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर काढले. तशा शस्त्रात काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढावा, पुढचे काडतूस समोर येते.

म्हणून परीक्षा क्रमाने करावी लागते. प्रथम शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून ते पुस्तिकेबरहुकूम स्वच्छ करावे. मग मॅगझिन बदलून पाहावे, नंतर काडतुसांची जात बदलावी, आणि अखेरीस सरावलेल्या माणसाच्या हाती द्यावे. तरीही अडकत असेल तर दोष शस्त्रात आहे. चाप ओढूनही बार न झाल्यास नळी निशाणाच्या बांधाकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण बार कधीकधी उशिरा उडतो. आणि कानस घेऊन घरी घासाघीस मुळीच करू नये.

पण हे सारे करायचे कोठे? शेताच्या बांधावर बार काढावेत तर पोलीस दारात येतील. गावचा लोहार हुशार असला तरी त्याच्याकडे शस्त्र दुरुस्तीस देता येत नाही. १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वये दुरुस्तीला आणि चाचणीलासुद्धा परवाना लागतो. हे बंधन योग्यच आहे. शस्त्रे घरोघरी असावीत असे आमचे मत नाही, आणि परवाने जपूनच द्यावेत. पण परवाना देऊन, शस्त्र विकून झाल्यावर ते बिनभरवशाचे निघाले तर सरकारने अंग काढून घ्यावे, हे कोणत्या न्यायाने? २०१६ च्या नियमांनी अर्जदाराला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावयास लावले. विकल्या जाणाऱ्या शस्त्राच्या बाबतीत मात्र, ते ग्राहकासमोर चालवून दाखवावे, असा दंडक नाही.

बदलून घेणे तरी सोपे आहे काय? परवान्यावर शस्त्राचा क्रमांक चढलेला असतो. शिलाई यंत्र दुकानदार त्याच दिवशी बदलून देऊ शकतो. पिस्तूल बदलायचे तर कचेरीची नवी नोंद हवी, म्हणजे पुन्हा हेलपाटे. १८७८ च्या परकीय कायद्यातला प्रजेविषयीचा अविश्वास गेला असे आपण मानतो. कचेरीच्या खिडकीपाशी तो अजून भेटतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची सोय दिली आहे आणि सदोष वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस धाडण्याची तरतूदही आहे. स्नेह्यांनी तो मार्ग अवश्य धरावा. अडकलेल्या टरफलांची छायाचित्रे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. पण विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मैदानावर पन्नास बार काढून त्याचा लेखी दाखला ग्राहकास देणे आणि सदोष शस्त्राच्या बदलीची नोंद आठ दिवसांत करणे, या दोन गोष्टी केंद्रीय गृहखात्याने नियमांतच घालाव्यात. त्यासाठी नव्या कायद्याची गरज आम्हांस दिसत नाही.

स्नेह्यांचे पिस्तूल सध्या दुकानात पडून आहे. मृग बहाराची फळे उतरू लागली आहेत, आणि पैसे घेऊन ते पूर्वीसारखेच दिवस मावळण्यापूर्वी घर गाठतात.