अवजारांची पूजा आणि अवजारांची निर्मिती

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजेच खंडेनवमीला, अवजारे स्वच्छ करून त्यांना हळदकुंकू वाहण्याची आपली परंपरा आहे. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची करवत, गृहिणीची विळी यांना त्या दिवशी देवत्व लाभते. पुण्यातील संगणक कंपन्यांतही आता कळफलकावर झेंडूची फुले दिसतात. नव्या व्यवसायाने जुना संस्कार जपावा, ही समाधानाची बाब होय. परंतु त्या फुलांखालचे अवजार घडवले कोणी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

संकेतस्थळे घडवणाऱ्या तरुणाचे अवजार म्हणजे केवळ समोरचे यंत्र नव्हे. तो ज्यात आज्ञावली लिहितो ते ‘व्हीएस कोड’ मायक्रोसॉफ्टचे आहे. लिहिलेली आज्ञावली जेथे साठवली जाते ते ‘गिटहब’ २०१८ पासून त्याच कंपनीच्या मालकीचे आहे. साध्या वाक्यावरून आज्ञावली लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रमुख साधनेही बहुतांशी अमेरिकेतीलच आहेत. त्यांची उपयुक्तता वादातीत आहे आणि ती टाकून द्यावीत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तथापि, दुसऱ्याच्या अवजारावर सर्वस्वी विसंबणे किती धोक्याचे असते, याचा प्रत्यय जुलै २०२५ मध्ये आला. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा मायक्रोसॉफ्टने अचानक थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली आणि त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. निर्बंध भारताचे नव्हते, संयुक्त राष्ट्रांचेही नव्हते. तरीही भारतीय भूमीवरील एका मोठ्या उद्योगाचे कामकाज अडले.

अशा प्रसंगी काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीत एकदा दिले गेले आहे. महासंगणक देताना अमेरिकेने आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. नकाराचे रूपांतर निर्मितीत करणारा तो पुरुषार्थ होता.

मात्र प्रत्येक अवजार मोठ्या संस्थेतच जन्माला येते असे नाही. आज जगभर वापरली जाणारी ‘पायथन’ ही संगणकभाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये नाताळच्या सुटीतील विरंगुळा म्हणून लिहायला घेतली. सुटी, निवांतपणा आणि हाताशी असलेला संगणक एवढ्या भांडवलावर ते काम सुरू झाले. मग आपल्या दिवाळीच्या सुटीतून काय निर्माण होते?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तेथे दसरा-दिवाळीचे दिवस हे गाव सोडण्याचे दिवस आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांची वाट धरतात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसालाच अवजाराचे नाव पडावे, याहून मोठे वैगुण्य कोणते? आईबापांमागे मुलेही फडावर जातात आणि शाळा मागे राहते. त्यांच्यासाठी राज्य शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली, हे पाऊल योग्यच आहे; परंतु निवारा आणि भोजन यांच्यापुढे त्या मुलांच्या हाती काय द्यायचे, हे समाजाने ठरवायचे आहे.

याच मातीतील एक उदाहरण बोलके आहे. बीड जिल्ह्यातील दादासाहेब भगत हे पुण्यात इन्फोसिसच्या अतिथिगृहात साफसफाईची कामे करत. संगणकावर काम करणाऱ्यांना पाहून त्यांनी चित्रसंयोजन शिकून घेतले आणि पुढे पायथनही आत्मसात केली. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले आणि गोठ्यात बसून त्यांनी सहकाऱ्यांसह संगणकीय आरेखनाचे साधन घडवले. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमात त्यास भांडवलही लाभले. एका परदेशी माणसाच्या सुटीत जन्मलेली भाषा बीडच्या गोठ्यात पोहोचली आणि तेथून स्वदेशी अवजार बाहेर पडले. हे एका व्यक्तीच्या जिद्दीचे फळ आहे. असे शंभर तरुण उभे राहायचे, तर मात्र जिद्दीला समाजाची जोड हवी.

पुण्या-मुंबईत नोकरी करणारे बीडचे अभियंते दिवाळीला गावी येतात. त्यांनी सुटीतले चार दिवस गावातील शाळेसाठी वा वसतिगृहासाठी द्यावेत. सुटीत कुलूपबंद असणारा संगणक कक्ष शाळेने त्यांच्यासाठी उघडावा. वापरलेला पण चालता संगणक अडगळीत न टाकता तेथे पोहोचवावा. मुलांना तयार साधने हाताळायला शिकवावेच, पण त्यांच्या आतले यंत्र उलगडून दाखवावे. ज्याला आतली रचना कळते, तोच उद्या नवे साधन घडवू शकतो.

संघाच्या शताब्दीनिमित्त ‘स्व’चा बोध आणि स्वदेशी यांचा जो आग्रह धरला गेला, तो घोषणांतून सिद्ध होणार नाही, तो अशा लहान, चिकाटीच्या कामांतूनच सिद्ध होईल. विजयादशमीला गावाची शीव ओलांडून सोने लुटण्याची आपली रीत आहे. बीडच्या मुलाने शीव ओलांडावी, ती कोयता होऊन नव्हे, अवजारांचा निर्माता होऊन. त्याच्या हातून घडलेल्या साधनावर ज्या दिवशी झेंडूचे फूल वाहिले जाईल, त्या दिवशी खंडेनवमीची पूजा खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.