घरात चिंधी आहे का?

दिवाळी दहा दिवसांवर आली, की घरोघरी माळ्यावरचे सामान खाली उतरते. मिक्सर कधीच भंगारात गेलेला असतो, पण त्याचा खोका शिल्लक असतो. मधाच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या निघतात. लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघतो; त्यांच्यावर गणपती छापलेला असल्यामुळे त्या रद्दीत घालायला कुणाचा हात धजत नाही. विरलेल्या ओढण्या, पडद्याच्या कड्या, जोडीदार हरवलेली एक चप्पल. तरुण मंडळी म्हणतात, ‘टाका.’ आजी म्हणते, ‘राहू दे रे, लागेल कधीतरी.’ पूर्वी हा सामना आजी जिंकत असे. आता घंटागाडी जिंकते. आणि त्याच संध्याकाळी तीच तरुण मंडळी दुकानातून एक बाटली विकत आणतात. तिला मुद्दाम जुनाट दिसेल असा रंग दिलेला असतो आणि गळ्याशी सुतळी गुंडाळलेली असते.

या दिवसांत ‘कमी खर्चात घर सजवा’ अशा मजकुराला भरती येते. आमच्याही पुरवणीत तो येतो, त्यामुळे आम्हाला नामानिराळे राहता येणार नाही. पण तो वाचताना जुनी लोककथा आठवते. कृष्णाचे बोट कापले, रक्त थांबेना. बांधायला चिंधी हवी म्हणून निरोप आधी सुभद्रेकडे गेला. तिच्याकडे शालू होते, पैठण्या होत्या, चिंधी मात्र नव्हती. मग द्रौपदीने अंगावरचा भरजरी शेला फाडून दिला. (महाभारतात पैठणी कुठून आली, हे विचारू नये, गोष्ट आपल्याकडच्या बायकांनी आपल्या पद्धतीने रचली आहे.) या कथेतून सगळे जण द्रौपदीची माया घेतात, आणि ते बरोबरच आहे. आमचे लक्ष मात्र सुभद्रेच्या कपाटाकडे जाते. इतके कपडे असलेल्या घरात एक चिंधी सापडू नये? आज आपल्यापैकी पुष्कळांची घरे अशीच झाली आहेत. वस्तू भरपूर, चिंधी नाही.

चिंधी नसण्याचे कारण आळस नाही. पूर्वी वस्तूला घरात उतरणीची एक वाट होती. नऊवारी लुगडे विरले की त्याचा धडका भाग कापून बाळाची दुपटी होत, उरलेल्याची गोधडी होई, गोधडीतही न मावणारे तुकडे पोतेऱ्याला जात. शर्ट-पॅंट, जरीची साडी यांची वाट निराळी. ते कपडे बोहारणीकडे जात. डोक्यावरच्या टोपलीत स्टीलची भांडी घेऊन ती दारात बसे, एकेक कपडा उजेडाकडे धरून भोक शोधे आणि घरातली बाई पातेले वाजवून त्याचा आवाज ऐके. दोघींचे अर्धा तास चाले. ‘आणखी एक साडी टाका, ताई,’ ‘या वाटीला दोन पॅंटी? अगं, देवाला भी,’ असे करत कुरकुरत सौदा पटे. त्या अर्ध्या तासात कापडाची किंमत दोघींनाही नीट कळलेली असे. आता टी-शर्ट इतका स्वस्त आणि इतका तकलादू झाला आहे, की तो पायपुसण्याच्याही लायकीचा राहत नाही.

डालडा या देशात 1937 साली आला. त्याचा खजुराच्या झाडाचे चित्र असलेला पिवळा डबा तूप संपल्यावर कधी फेकला गेला आहे, असे कुणी सांगितले तर आम्ही विश्वास ठेवणार नाही. त्यात धान्य राही. डबा गंजला की तळाला खिळ्याने भोके पाडून तुळस लागे आणि वर गेरूचा किंवा हिरव्या ऑइलपेंटचा हात फिरे. चाळीच्या कठड्यावर ओळीने ठेवलेले ते डबे ही त्या काळची बाल्कनी-सजावट होती, फक्त तिला ते नाव नव्हते. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरत आणि पुढे लोंबणाऱ्या कडेला कातरीने कमानी, चांदण्या, कंगोरे कापत. कागदाची घडी घालून चार ठिकाणी कात्री मारली की उलगडल्यावर हातभर झालर तयार. अग्रलेखांचा एवढा सदुपयोग पुढे कधी झाला नाही. फुटक्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे मुली ज्योतीवर धरून वाकवत, कडीत कडी अडकवत आणि त्या साखळ्यांचा पडदा दारावर किणकिणत राही. बोटे भाजत, ते वेगळे.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत हुशारीची वाटते ती लगद्याची टोपली. रद्दीचे कपटे करून दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे, पाणी बदलायचे, पिळून घ्यायचे. मेथ्या रात्रभर भिजवून वाटायच्या आणि त्यात मिसळून सगळे कुटायचे. भिजलेली मेथी बुळबुळीत होते आणि वाळताना डिंकासारखी धरते. शिवाय तिच्या कडूपणामुळे कीड त्या वस्तूच्या वाटेला जात नाही. मोडकी टोपली किंवा उपडे पातेले घ्यायचे, त्यावर हा लगदा सारख्या जाडीने थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. पातेल्यावर थापताना मध्ये ओला कागद किंवा फडके घालायचे, नाहीतर वाळल्यावर दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत. ही टोपली हलकी असते आणि वर्षानुवर्षे टिकते. कुण्या बाईने कधी तरी कागद, मेथी आणि ऊन यांचा हा मेळ घातला. तिचे नाव कुठे नोंदलेले नाही.

मग ही विद्या शाळेत गेली आणि तिचे जरा हसे झाले. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळातल्या आपल्या कामात शिक्षणाला हातांच्या कामाची जोड हवी असा आग्रह धरला, त्यातून कार्यानुभव हा विषय आला. हेतू उत्तम होता. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द मराठी मुलांच्या कानांवर पडले ते याच तासाला. पण घरात टाकाऊ काही नसे, किंवा असले तरी उद्या सकाळपर्यंत मिळत नसे. ‘उद्या बाईंनी आइस्क्रीमच्या काड्या आणायला सांगितल्यात,’ हे रात्री नऊला कळले, की वडील स्टेशनरीच्या दुकानाकडे धावत. तिथे शंभर काड्यांचे कोरे करकरीत बंडल मिळते. एकाही काडीला आइस्क्रीम लागलेले नसते. कागदी कप नवे, स्ट्रॉ नव्या, चमकीचा डबा नवा. तयार झालेला पेनस्टँड ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून शाळेत मांडला जाई आणि प्रदर्शन संपले की दुसऱ्या दिवशी खरोखरच टाकला जाई. तिसरीतल्या मुलाला यातला विनोद कळत नसेल, पण आपल्याला कळायला हरकत नव्हती.

आजच्या स्वस्त आणि मस्त सजावटीचे हेच झाले आहे. एक काचेची बाटली रंगवायची म्हणून प्रायमर, ॲक्रिलिकचे सहा रंग, डिकूपाजचे रुमाल, गोंद, वार्निश आणि ग्लू-गन एवढे सामान येते. बाटली फुकटची, बाकी सगळे विकतचे. ज्याला त्यात आनंद मिळतो त्याने तो जरूर घ्यावा. हौसेला मोल नसते. पण त्या हौसेला काटकसर म्हणू नये आणि पर्यावरण-रक्षण तर नकोच नको. प्लॅस्टिकच्या चमकीने माखलेली बाटली भंगारवालाही घेत नाही. साधी बाटली तो घेतो.

गणपतीच्या मखराच्या बाबतीत कायद्याने आपल्याला थोडे वळण लावले. महाराष्ट्र सरकारने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली, आणि 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंच्या यादीतही सजावटीचा थर्माकोल आला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिनच्या पोकळ दाण्यांत कोंडलेली हवा. वजन नाही, पण जागा अफाट, आणि कुजणे ठाऊक नाही. तो गेला तेव्हा ‘आता मखर कसे होणार’ अशी ओरड झाली. दोनच वर्षांत पुठ्ठ्याची, कापडाची, बांबूची मखरे दिसू लागली. माणसाला सुचत नाही असे नसते. सोपी वस्तू हाताशी असेपर्यंत तो डोके चालवत नाही, इतकेच.

म्हणून यंदाच्या आकाशकंदिलाबद्दल. माहीमच्या कंदील गल्लीत जाऊन तयार कंदील आणण्यात कमीपणा काहीच नाही. तिथे हाताने काम करणाऱ्यांचे वर्षाचे गणित दिवाळीआधीच्या काही आठवड्यांवर असते. पण घरी करायचाच असेल तर कामट्या शोधत हिंडण्याआधी दाराशी आलेला खोका उघडून पाहावा. ऑनलाइन खरेदीने आपल्याला दुसरे काही टिकाऊ दिले नसेल, पण खोके उत्तम दिले आहेत. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक लहरी कागद, अशी त्याची रचना असते. लहरीच्या रेषेत घडी घातली तर तो सरळ, देखणा वाकतो. आडवा वाकवला तर फाटतो किंवा चुरगळतो. दोन तुकडे लहरी एकमेकींना काटकोनात येतील असे चिकटवले, तर त्याची प्लायवूडसारखी ताठ फळी होते. एवढे एक तंत्र कळले, की सहा चौकटी कापून कंदिलाचा सांगाडा उभा राहतो, आणि दिवाळी संपल्यावर त्याच तंत्राने चपलांचा कप्पाही होतो.

चिकटवायला खळ. दोन चमचे मैदा गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर काचेसारखी झाक येईपर्यंत ढवळायचा. पूर्वी झुरळांनी खाऊ नये म्हणून पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालत; ते विषारी आहे, घरात मुले असताना त्या भानगडीत पडू नये. चौकटींवर पतंगाचा कागद ताणून लावायचा. तो नसेल तर त्या विरलेल्या ओढण्यांतली एखादी, नाहीतर त्या लग्नपत्रिकांच्या आतले पातळ कागद. खुद्द पत्रिकांवरची सोनेरी वेलबुट्टी कापून चौकटीच्या कडांना लावली, तर गणपतीही कचऱ्यात जात नाही आणि आजीचाही शब्द राहतो. खाली झिरमिळ्या. पूर्वी साठ वॉटचा दिवा लावायचा, त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जायची आणि कागद होरपळायचा. म्हणून कंदील मोठा करावा लागे. आता पाच-सात वॉटचा एलईडी फारसा तापत नाही, त्यामुळे छोटा कंदीलही निर्धास्त लावता येतो. मात्र वायर उघडी ठेवू नये, आणि परतीच्या पावसाचा अंदाज पाहून मगच तो टांगावा. गोव्यात नारळाची करवंटी, सोडण, धान्य, कडधान्य असे हाताला येईल ते घेऊन लोक कंदील करतात आणि स्पर्धेत उतरतात. तिथल्या परीक्षकांचा आम्हाला हेवा वाटतो.

फेकलेल्या वस्तूंतून सौंदर्य उभे करण्याचे या देशातले सर्वांत मोठे उदाहरण चंडीगडचे. वास्तुविशारद ल कार्बुझिएचे नियोजित शहर उभे राहताना जुनी गावे पाडली गेली, त्यांचा राडारोडा पडून होता. नेकचंद नावाचा सार्वजनिक बांधकाम खात्यातला एक रस्ता निरीक्षक 1957 पासून सायकलीवरून तो वेचून जंगलात नेऊ लागला. फुटक्या फरशा, बांगड्या, चिनी मातीची भांडी, विजेची सॉकेट. जवळपास अठरा वर्षे हे काम सरकारी जमिनीवर, सरकारला न सांगता चालले. उघडकीस आल्यावर पाडापाडीचे बोलणे झाले, पण लोक मध्ये पडले आणि 1976 मध्ये रॉक गार्डन सगळ्यांसाठी खुले झाले. 1984 मध्ये नेकचंद पद्मश्री झाले. त्यांच्या बागेतल्या बांगड्यांच्या बाहुल्या पाहताना एक गोष्ट जाणवते. त्यांनी बांगडीला बांगडीच ठेवले आहे. ती मोडकी आहे, हे लपवण्यासाठी तिच्यावर सोनेरी रंग फासलेला नाही.

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. गोधडी फुकटात होते, असे आपण म्हणतो तेव्हा ती शिवणारीची दुपार आपण शून्य धरतो. उन्हाळ्यात अंगणात बसून, कडेपासून आत आत बारीक धावदोरा घालत नेणारी बाई दिवसांमागून दिवस त्या एका पांघरुणाला देते. शहरात तीच गोधडी आता भिंतीवर टांगली जाते, तिला दिवाणखान्यात मान आहे. शिवणारीला किती मिळाले, हे विचारायला मात्र आपण विसरतो. पावसाळ्यात जुना निवडणुकीचा फ्लेक्स उलटा करून झोपडीवर ताणणाराही वस्तूचा पुनर्वापरच करत असतो. त्याच्या कल्पकतेवर कुणी पुरवणी काढत नाही. तेव्हा पुनर्वापर ही आपल्याला नव्याने सुचलेली कल्पना आहे, असा आव तरी आणू नये.

आता गावोगावच्या सोसायट्यांत आणि वाड्यांत कंदील व सजावटीच्या स्पर्धांच्या सूचना फळ्यावर लागतील. नियम अजून लिहून झाले नसतील तर आमची एक विनंती आहे: प्रवेशिकेसोबत सजावटीसाठी केलेल्या खरेदीचे बिल मागावे. ज्याचे बिल सर्वांत लहान, त्याचे गुण सर्वांत जास्त. ज्याच्याकडे बिलच नाही, त्याचा पहिला नंबर. आणि बक्षीस म्हणून तो प्लॅस्टिकचा सोनेरी चषक नको, तो पुढच्या वर्षी माळ्यावरच सापडायचा. स्टीलचे एक पातेले द्यावे. विजेत्या घरातल्या बाईने ते व्यासपीठावरच बोटाने वाजवून पाहावे आणि आवाज पटला नाही तर ‘आणखी एक वाटी टाका’ असे अध्यक्षांना बिनदिक्कत सांगावे.